मुक्यानं खेळायचं न्हाई

मन्मथअप्पा कोऱ्यांबद्दल बीडच्या मोंढा रोडवर दोन गोष्टी सगळ्यांना ठाऊक होत्या. एक म्हणजे माणूस माजलेला आहे, आणि दुसरी म्हणजे तो बायकोला भितो. माज कशावरून, तर कुणी हात पुढं केला तरी अप्पा हातात हात देत नाहीत. लिंगायत रिवाजानं ‘शरणार्थ’ म्हणून नमस्कार करावा तर कधी तोंडभर हसून उलट ‘शरणार्थ’ म्हणतील, कधी शेजारून असे निघून जातील की जणू तिथं माणूस नाही, विजेचा खांब आहे. आणि बायकोला भितात कशावरून, तर अंधार पडायच्या आत घर गाठतात. दिवाळीत सगळा बाजार गजबजलेला असायचा, तेव्हाही कोऱ्यांच्या दुकानात धाकटा भाऊच बसलेला. थोरले केव्हाच घरी.

दोन्ही समजुती खोट्या होत्या. पण ते कळायला गावाला फार वेळ लागला.

दुकान ठिबक आणि तुषार सिंचनाच्या सामानाचं. दारात काळ्या पाइपांची वेटोळी, आत नळ्या, तोट्या, फिल्टर. मी त्या दुकानाच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहायचो आणि ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवायचो. अप्पा माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठे. उंच, रुंद खांद्याचे, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात लिंगाची चौकट, आणि अंगात कायम पांढरा हाफ शर्ट. बोलायला लागले की समोरच्याच्या तोंडाकडे इतकं रोखून बघायचे की नवखा माणूस गांगरायचा. मला ते आवडायचं. आपलं ऐकणारा माणूस आपल्याकडे बघतोय, असं हल्ली फार कमी वेळा होतं.

एकदा ते डीलर लोकांच्या बैठकीला पुण्याला गेले. परत आले ते थेट जिना चढून माझ्या दारात.

“सर, सायकल येती का तुमाला?”

“येते की.”

“एका हातानं?”

“एका हातानं कशाला चालवायची?”

“दुसऱ्या हातात मोगरी असती,” अप्पा म्हणाले आणि खुर्चीत बसून सांगायला लागले. पुण्यात लॉजच्या मागं टेनिसचं मैदान होतं. सकाळी चहाला बाहेर पडले, तर त्या सिमेंटवर सहा जण सायकलीवर बसून चेंडू मारतायत. तीन एकीकडचे, तीन दुसरीकडचे. पाय जमिनीला लावायचा नाही. घोड्यावरचा पोलो असतो तसा, फक्त घोडा नाही. अप्पा जाळीला धरून उभे राहिले ते खेळ संपेपर्यंत. बैठक बुडाली.

“बैठकीत काय झालं मग?”

“काय म्हाईत. जेवण चांगलं होतं म्हणत होते.” मग एकदम गंभीर झाले. “सर, मला ह्यो खेळ खेळायचाय. औंदाच.”

‘औंदाच’, म्हणजे ह्याच वर्षी, का, हे मी विचारलं नाही. तेव्हा तो हट्ट वाटला होता.

सामान जमवणं हाच पहिला महिनाभर आमचा खेळ होता. विकत मिळेल असं बीडमध्ये काहीच नव्हतं, आणि अप्पांना त्याचाच आनंद जास्त. भंगारातून जुन्या दणकट सायकली आणल्या. शकील नावाचा एक वेल्डर अप्पांच्या ओळखीचा होता, बार्शी नाक्यावर त्याचं शेड होतं. त्यानं सायकलींचे मडगार्ड, कॅरिअर, स्टँड, घंटी सगळं उतरवलं. हँडलची टोकं कापून आखूड केली आणि त्यांत रबरी बुचं बसवली, पडल्यावर पोटात घुसू नयेत म्हणून. पायडलचं दातेरी चक्र लहान, मागच्या चाकाचं मोठं, म्हणजे सायकल जोरात धावत नाही, पण जागच्या जागी चटकन उचलते. ब्रेक एकच, आणि तो डाव्या हाताला, कारण उजव्या हातात मोगरी. चेंडू मारायच्या त्या काठीला, मॅलेटला, अप्पांनी पहिल्या दिवसापासून मोगरीच म्हटलं आणि आम्हीही तेच म्हणायला लागलो.

मोगरीचा दांडा आधी बांबूचा केला. तीन दांडे पहिल्याच आठवड्यात फुटले. मग खिडक्या बनवणाऱ्याकडून अॅल्युमिनियमची नळी आणली, मुठीला क्रिकेटच्या बॅटची ग्रिप चढवली. डोकं मात्र अप्पांच्या दुकानातलं: तुषारच्या जाड काळ्या पाइपाचा वीतभर तुकडा, मधे आरपार भोक, त्यातून दांडा आणि वरून बोल्ट. शकीलनं तो पहिल्यांदा जमिनीवर आपटून बघितला आणि म्हणाला, “अप्पा, हे तर ट्रॅक्टर गेला तरी फुटायचं नाही.”

“माझ्या दुकानचा माल हाय बे,” अप्पा म्हणाले. “आयुष्यात पयल्यांदा कुणी कौतुक केलं.”

चाकाच्या तारांत मोगरी अडकू नये म्हणून त्या झाकाव्या लागतात. त्याला प्रचाराचे सनपॅकचे, पोकळ प्लास्टिकचे, बोर्ड कापले. निवडणूक नुकतीच होऊन गेली होती, गावभर बोर्ड पडलेले. त्यामुळं अप्पांच्या दोन्ही चाकांत एक पडलेला उमेदवार हात जोडून गरागरा फिरायचा. डोक्याला हेल्मेट, त्याला पुढं शकीलनं जोडलेली लोखंडी जाळी. अप्पांच्या बायकोनं, गिरिजावहिनींनी, तो अवतार पहिल्यांदा बघितला तेव्हा त्या हसल्या नाहीत. दारात उभ्या राहून एवढंच म्हणाल्या, “सर, तुम्ही तरी सांगा त्यांना. नको म्हणावं.” मला वाटलं, चारचौघांत हसं होईल म्हणून बाई म्हणतायत.

मैदान गावाबाहेर एका बंद पडलेल्या जिनिंगचं. कापूस ओतायला केलेला सिमेंटचा लांबरुंद ओटा, तीन बाजूंनी कमरेइतकी भिंत. मुद्दाम बांधून घेतलं असतं तरी याहून चांगलं झालं नसतं. गोल म्हणून दोन्ही टोकांना एका सायकलच्या लांबीएवढं अंतर सोडून दोन-दोन प्लास्टिकचे ड्रम. मधल्या रेषेवर भिंतीला टांगलेला जुना टायर. खेळताना पाय जमिनीला लागला, की त्या टायरला जाऊन मोगरी लावायची, तोवर चेंडूला हात नाही. आणि गोल मारायचा तो मोगरीच्या डोक्याच्या टोकानं. बाजूनं ढकलत नेलेला चेंडू आत गेला तरी धरायचा नाही. अप्पा ह्या नियमाला फार जपायचे. “ढकलायचं असंल तर झाडू घेऊन या,” म्हणायचे.

माणसं हळूहळू जमली. शकील होता, मी होतो, दोन-तीन कॉलेजातले होते. आणि सुजाता ओव्हाळ. पोस्टात काउंटरला बसायची, तिशीच्या आतबाहेरची, शाळेत असताना हॉकी खेळलेली. पार्सल घ्यायला गेलेल्या अप्पांनी काउंटरवरूनच तिला विचारलं, आणि रविवारी ती स्वतःची सायकल घेऊन हजर झाली. आठवडाभरात ती आमच्या सगळ्यांपेक्षा चांगली खेळायला लागली. सायकल जागेवर उभी धरून, पाय न टेकता, वाट बघत थांबायची. आणि चेंडू आला की मनगट फिरवून असा काढून न्यायची की समोरच्याला कळेपर्यंत दोन ड्रमांमधून गेलेला. अप्पा तिच्यावर खूष. “पोरी, तू पोस्टात कावून बसलीस? तुला तर तार करून बोलवायला पायजे होतं,” असं म्हणायचे. ती म्हणायची, “अप्पा, तार बंद झाली.”

मैदानावर अप्पांचं एक वाक्य होतं, ते रोज शंभरदा ऐकू यायचं: “मुक्यानं खेळायचं न्हाई!” आपल्या बाजूच्या प्रत्येकानं सतत बोलत राहायचं, हा त्यांचा हुकूम. चेंडू कुठं आहे, आपण कुठं आहोत, कोण येतंय. “डावीकडं, अप्पा!” “मागं शकील!” “सोडा, माझा!” कुणी गप्प राहिला की अप्पा जागेवर थांबून ओरडायचे, “तोंड शिवलंय का बे?” सुरुवातीला आम्हाला लाज वाटायची. आपण काय करतोय ते ओरडून सांगायचं म्हणजे बाजारात भाजी विकल्यासारखं. पण सवय झाली. अप्पांच्या संघात जो कुणी असेल त्याचा घसा संध्याकाळी बसलेला असायचा.

त्याचा फायदाही झाला. एकदा संभाजीनगरहून इंजिनिअरिंगची पोरं खेळायला आली. त्यांच्याकडं विकतचं सामान, रंगीत जर्सी, बारीक चाकांच्या सायकली. आमच्या चाकांतला उमेदवार बघून ती हसत होती. अप्पा, सुजाता आणि शकील उतरले. पोरं चपळ होती, पण गप्प खेळायची, एकमेकांच्या अंगावर जायची. आमचे तिघं बोलत होते. शेवटचा गोल अप्पांनी मारला. चेंडू त्यांच्या मागून डावीकडून येत होता, त्यांनी मान वळवली नाही, सुजाता म्हणाली “आता!” आणि अप्पांनी मोगरी खाली आणली. तो एक ठोका अजून माझ्या कानात आहे. त्या दिवशी अप्पांनी हेल्मेट काढलं तेव्हा कपाळावरचं भस्म घामानं पार पुसून गेलेलं होतं, आणि ते लहान पोरासारखे हसत होते.

पण ऊन कलायला लागलं की ते खेळ सोडायचे. अगदी रंगात आला असला तरी. पोरं म्हणायची, थोडं थांबा की अप्पा, अजून लई उजेड हाय. अप्पा सायकल भिंतीला लावून मला म्हणायचे, “चला सर, घरची हाजरी हाय.” मग गावापर्यंत आम्ही बरोबर चालत जायचो. सायकली हातात. ते माझ्या उजव्या अंगाला, अगदी चिकटून. खेळतानाची सायकल रस्त्यावर चालवत नाहीत, ब्रेक एकच असतो, असं त्यांनी मला सांगितलं होतं आणि मी ते मानलं होतं.

चहाचा कप हमखास लवंडणार, हीही त्यांची एक खूण. शकील थर्मासमधून चहा ओतायचा, पहिला कप अप्पांना. आणि ‘ठेव इथं’ म्हणून ठेवलेला कप अप्पांच्याच कोपरानं पडायचा. “अप्पांचा एक धरतीमातेला,” म्हणून शकील दुसरा भरायचा. सगळे हसायचे. अप्पाही. तारेवर लांब बसलेला पक्षी दाखवून ‘तो नीळकंठ बघा’ म्हणणाऱ्या माणसाला मांडीशेजारचा कप दिसत नाही, हे कुणाच्या डोक्यात कसं येणार?

उन्हाळ्याच्या तोंडाशी ते झालं. सकाळची वेळ, लख्ख ऊन. त्या दिवशी सुजाता समोरच्या संघात होती. अप्पा चेंडू घेऊन भिंतीच्या कडेनं निघाले. सुजातानं डावीकडून तिरकं कापलं, चेंडू काढायला. समोरचा गडी आवाज कशाला देईल? ती गप्प आली. अप्पा अंगभर जोर लावून सरळ तिच्यावर गेले. ब्रेकला बोटही लावलं नाही. ती भिंतीवर आपटली आणि खाली पडली. तिची हासळी मोडल्याचं तिथंच कळत होतं, खांद्यापाशी हाड वर आलं होतं.

शकील ओरडला, “अप्पा, काय केलं हे!”

अप्पा सायकल टाकून उभे होते. चेहरा पांढराफटक. “दिसली न्हाई,” ते म्हणाले. “दिसली न्हाई रे.”

“भर उन्हात? डोळ्यादेखत आली की!”

“दिसली न्हाई.”

दवाखान्यात नेलं, हाड बसवलं. पण गावात दुसऱ्या दिवशी गोष्ट पसरली ती वेगळीच. कोऱ्यांच्या थोरल्यानं पोस्टातल्या पोरीला मुद्दाम धडक दिली. गोल जाऊ द्यायचा नव्हता म्हणून. माजच तेवढा. कुणी म्हणालं, स्वतःच्या जातीतली असती तर असा गेला असता का अंगावर? अप्पांपर्यंत ते पोचलं की नाही, कोण जाणे. ते दुकानात येत होते, पाइप मोजून देत होते, कुणाशी बोलत नव्हते.

आठवड्यानंतर ते वर आले. “सर, ओव्हाळांच्या घरी जायचंय. एकट्यानं जायची छाती न्हाई होत.”

आम्ही दुपारी गेलो. नाक्याच्या आतल्या बाजूला छोटं, नीटनेटकं घर. पुढच्या खोलीत बाबासाहेबांची तसबीर, शेजारी बुद्धाची मूर्ती, खिडकीखाली कॉट. सुजाता कॉटवर उशीला टेकून बसली होती, हात गळ्यात बांधलेला. तिचे वडील ओव्हाळकाका एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. त्यांनी ‘या’ म्हटलं, पण उठले नाहीत. आई, कौशल्याबाई, आत गेल्या.

अप्पा खुर्चीत बसले आणि सुजाताकडे बघून बोलायला लागले. मनात घोकून आणलेलं असावं. चूक झाली, पोरी. तुला सांगायला तोंड न्हाई. दवाखान्याचं, रजेचं, जे लागंल ते... कौशल्याबाई पाण्याचा पेला घेऊन आल्या आणि अप्पांच्या डाव्या अंगाला उभ्या राहिल्या. पेला पुढं धरला. अप्पा बोलत राहिले. पेला तसाच. बाईंचा हात अप्पांच्या कोपराजवळ, इतका जवळ की अप्पांनी हात हलवला असता तर लागला असता. त्यांनी बघितलं नाही, घेतला नाही, नको म्हटलं नाही. बोलत राहिले.

खोलीतली हवा बदलली. सुजाता आईच्या हाताकडे बघत होती. मला काही कळेना. ह्या माणसाला मी शकीलच्या थर्मासमधला चहा, सुजाताच्या डब्यातली भाकरी, कुणाच्याही बाटलीतलं पाणी पिताना रोज बघितलं होतं.

“राहू दे,” ओव्हाळकाका बायकोला म्हणाले. आवाज अगदी शांत होता. “ने आत. चालत नसंल त्यांना.”

अप्पा थांबले. “काय चालत न्हाई?”

“आमच्या घरचं पाणी.”

अप्पांचा चेहरा मी तसा आधी कधी बघितला नव्हता आणि नंतरही नाही. ते खुर्चीत अर्धे उठले. मान इकडे वळवली, तिकडे वळवली.

“पाणी कुठंय?” ते म्हणाले. “काका, आईशप्पत... कुठंय पाणी?”

पेला त्यांच्यापासून हातभरावर होता. त्यांनी अंदाजानं हात टाकला, तो पेल्याच्या वरून बाईंच्या मनगटाला लागला आणि सगळं पाणी त्यांच्या स्वतःच्या मांडीवर सांडलं. पेला फरशीवर वाजला. ते तसेच, ओल्या कपड्यांनी परत खाली बसले.

मग त्यांनी सांगितलं. गावात कुणालाच सांगितलं नव्हतं ते. डोळ्यांचा आजार आहे. रात्रीचं बऱ्याच वर्षांपासून दिसत नाही. आता दिवसाही बाजूचं जात चाललंय, खालचं जात चाललंय; समोर फक्त नळीतून बघितल्यासारखं गोल राहिलंय, आणि ते गोल बारीक होतंय. औषध नाही. संभाजीनगरच्या डॉक्टरनं सांगितलं, पुण्याच्यानं सांगितलं, हैदराबादच्यानंही तेच सांगितलं. “समोरचं साफ दिसतं काका. तुमच्या तसबिरीखालची अक्षरं वाचून दाखवतो. पण बाई कवा आल्या, ते मला दिसलं न्हाई. ही पोरगी कवा आली, ते पण न्हाई दिसलं.”

ओव्हाळकाकांनी चष्मा काढून हातात धरला होता.

कौशल्याबाई आत गेल्या आणि दुसरा पेला भरून घेऊन आल्या. ह्या वेळी त्यांनी अप्पांचा हात आपल्या हातानं उचलला, पेला त्यात ठेवला, आणि त्यांची बोटं त्याभोवती मिटवली. अप्पांनी तो सगळा, एका दमात, थेंब न ठेवता प्यायला.

सुजाता तेव्हा बोलली. “खांद्याचं मला काही वाटत नाही, अप्पा. खेळात लागतं. पण सांगितलं का नाही?” तिचा आवाज चढला. “मी त्या बाजूनं आले नसते? ओरडत आले नसते? माहीत असतं तर काय मी खेळले नसते तुमच्याशी?”

“खेळली असतीस,” अप्पा म्हणाले. “पण जपून खेळली असतीस. ते नको होतं मला.”

परत येताना ऊन रणरणत होतं. त्या दिवशी पहिल्यांदा अप्पांनी माझ्या दंडाला धरलं. उघड, रस्त्यात. बराच वेळ चालल्यावर म्हणाले, तेलगावला त्यांचे मामा होते, आईचे भाऊ, त्यांना हाच रोग. अप्पा शाळेच्या सुट्टीत मामांचा हात धरून त्यांना शेतात न्यायचे, आणायचे. मामा आधी संध्याकाळचे लवकर घरी यायला लागले. मग बैल सोडताना ठेचाळायला लागले. मग एके दिवशी बांधावर बसले ते उठेनात. ‘मन्मथा, आता न्हाई येत मी शेतात’ म्हणाले आणि परत गेले नाहीत. पुढं वीसेक वर्षं ओसरीवर बसून होते.

“मला पुढचं सगळं म्हाईत हाय, सर,” अप्पा म्हणाले. “कोणतं आधी जातं, कोणतं मागनं. पुण्यात त्या जाळीला धरून उभा होतो, तवा ती पोरं वाऱ्यासारखी फिरत होती. म्हटलं, ओसरीवर बसायच्या आधी एवढं तरी.” मग म्हणाले, “तुमी बोलत होता ना, तवर मला समदं मैदान दिसत होतं.”

मी त्यांच्या हाताचा भार दंडावर घेऊन चालत राहिलो.

गावाला कळलं. जे माजलेला म्हणायचे ते आता लांबूनच मोठ्यानं ‘शरणार्थ अप्पा, मी अमका’ असं सांगायला लागले. अप्पांना ते जास्त टोचायचं. “आधी शिव्या घालत होते ते बरं होतं,” म्हणायचे. गिरिजावहिनी एकदा मला जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, “मी नको म्हणत होते ते ह्याच्यासाठी. पण सर, ते तिथून यायचे ना, जेवण मागून घ्यायचे. आता ताटात वाढलेलंही तसंच राहतं.”

सुजाताचं हाड जुळलं, पण खांदा पुरता वर जाईना. मनगटाची ती करामत राहिली, जोर गेला. तरी ती पावसाळ्यानंतर मैदानावर आली आणि तिनंच हट्ट करून अप्पांना आणलं. अप्पांनी एकदा सायकल घेतली. त्या दिवशी आम्ही सगळे फार सभ्यपणे खेळलो. त्यांच्या वाटेतून बाजूला व्हायचो, चेंडू त्यांच्या पुढ्यात अलगद आणून ठेवायचो, त्यांच्या मोगरीला मोगरी लावायची कुणाची हिंमत होईना. अप्पांनी गोल मारला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. शकीलनं मुद्दाम ड्रमांमधली जागा मोकळी सोडली होती, हे अप्पांना समजलं.

ते उतरले. हेल्मेटची पट्टी सोडायला त्यांना वेळ लागला. मोगरी भिंतीला टेकवून ठेवत म्हणाले, “बास. मजा आली.” आणि सुजाताच्या डोक्यावर हात ठेवायला गेले, तो तिच्या दुखऱ्या खांद्यावर पडला. तिनं तो तसाच राहू दिला.

त्यानंतर ते आले नाहीत. दुसऱ्या वर्षी जिनिंगच्या मालकानं जागा प्लॉट पाडायला दिली. ब्रेकर लावून ओटा फोडला, त्या सिमेंटचे मोठमोठे तुकडे कितीतरी दिवस रस्त्याच्या कडेला पडून होते. सुजाताची बदली अंबाजोगाईला झाली. शकीलनं सायकली काही दिवस शेडच्या मागं झाकून ठेवल्या, मग एकेक करून कुणाकुणाला देऊन टाकल्या. पुढं काही वर्षांनी माझीही नोकरी संपत आली. मी खोली सोडून लेकाकडे पुण्याला जायचं ठरवलं.

जायच्या आदल्या दिवशी निरोप घ्यायला अप्पांच्या घरी गेलो. सकाळची उन्हं होती. खाली कुणी नव्हतं. धाकट्या भावाच्या बायकोनं वर बोट केलं, म्हणून जिना चढून गच्चीच्या दारापर्यंत गेलो आणि तिथंच थांबलो.

गच्ची मोठी, कठडा छातीइतका उंच. मधोमध चटई टाकून गिरिजावहिनी गहू निवडत बसल्या होत्या. आणि त्यांच्याभोवती अप्पा सायकल चालवत होते. अगदी सावकाश, डोकं जरा तिरकं करून, दोन्ही हात हँडलवर. डोळे उघडे होते, पण आता ते कशाकडेच लागलेले नव्हते. वहिनी एका हातानं खडे वेचत होत्या आणि दुसऱ्या हातानं, मधून मधून, पितळेच्या परातीच्या काठावर बोटातली अंगठी वाजवत होत्या. टण्. अप्पा त्या आवाजाला डावं अंग देऊन वळायचे. टण्. परत वळायचे. वहिनींचं लक्ष सगळं गव्हात होतं, हात मात्र एकदाही चुकत नव्हता.

वहिनींना मी दिसलो. त्यांनी बोलावलं नाही, आणि परात वाजवायचंही थांबवलं नाही. फक्त मान हलवून मला जायला सांगितलं, की थांबायला, ते मला नीट उमगलं नाही. अप्पा माझ्या अगदी जवळून गेले. त्यांच्या शर्टाचा वारा मला लागला. कपाळावर ताजं भस्म होतं, ओठ हलत होते, आपल्याशीच काहीतरी मोजत असल्यासारखे.

मी चपला हातात घेतल्या आणि जिना उतरून खाली आलो.